दिवस भरण्याआधीची प्रसूती आणि गर्भाशयमुखाचे मोजमाप

(माता रमाई जयंतीनिमित्त संस्थेच्या माता-आरोग्य मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माता रमाईंच्या जयंतीला आरोग्यावर बोलावे, अशी सूचना कार्यकारिणीने केली, तेव्हा कोणता विषय घ्यावा हा प्रश्न आम्हाला फारसा पडला नाही. रमाईंनी पाच अपत्यांना जन्म दिला आणि त्यांपैकी एकटे यशवंतराव मोठे झाले. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार मुले आजार आणि दारिद्र्य यांनी हिरावून नेली. ती मुले अपुऱ्या दिवसांची होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मांडीवरचे मूल गमावणे म्हणजे काय, हे ज्या मातेला आपल्या समाजाने सर्वांत जवळून पाहिले, तिच्या जयंतीदिनी मूल का दगावते आणि ते वाचविण्यासाठी आज काय करता येते, याचा विचार करणे हे अभिवादनच आहे, असे आम्हाला वाटते.

आज आपल्या देशातच नव्हे, साऱ्या जगात पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि तिच्यातून उद्भवणारे विकार हे आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास गर्भारपण साधारणपणे 280 दिवसांचे, म्हणजे 40 आठवड्यांचे असते. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी मूल जन्मले, तर त्याला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या गणनेनुसार 2020 साली जगात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख मुले जन्मली. त्यांतील सुमारे 30 लाख मुले एकट्या भारतात जन्मली आणि हा आकडा जगात सर्वांत मोठा होता.

दोष कोणाचा?

आपल्या वस्तीत अशी प्रसूती झाली की पहिला प्रश्न काय विचारला जातो? ती काय खाल्ले म्हणून असे झाले? पपई खाल्ली का? ग्रहणात बाहेर गेली का? हंडा उचलला का? कोणाची नजर लागली? आणि मूल गेले, तर हाच प्रश्न आरोप होतो. सून अपशकुनी ठरते. ओली बाळंतीण एकीकडे रडत असते आणि दुसरीकडे तिला दोष देणारे घर तिच्याशी बोलत नसते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही हे घडते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

भगवान बुद्धांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकविला. हे असले म्हणजे ते होते, हे नसले म्हणजे ते होत नाही, असा प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ आपण विहारात ऐकतो. कालामांना केलेल्या उपदेशात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा केवळ अधिकारी माणसाच्या शब्दावर विसंबू नका, असे सांगितले. मग प्रसूतीच्या बाबतीत आपण कार्यकारणभाव का सोडतो? कारण कारण डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही, त्याच्या जागी नजर आणि ग्रहण येऊन बसतात. आजचा आमचा विषय या न दिसणाऱ्या कारणांपैकी एका कारणाविषयीचा आहे. ते कारण म्हणजे गर्भाशयमुखाचे वेळेआधी मऊ होणे. हा मऊपणा मोजता येतो का, आणि मोजून उपयोग काय, हे आपण पाहू.

पिशवीचे तोंड

आपल्या भगिनी गर्भाशयाला पिशवी आणि गर्भाशयमुखाला पिशवीचे तोंड म्हणतात. हा शब्द शास्त्रालाही धरून आहे. नाडी ओढलेल्या बटव्यासारखे हे तोंड नऊ महिने मिटलेले राहते. त्याची लांबी साधारण तीन ते चार सेंटीमीटर असते. गर्भाशयाची पिशवी मुख्यतः स्नायूंची असते, परंतु तिच्या तोंडात स्नायू थोडेच असतात. तेथे मुख्य वस्तू असते ती कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. हे धागे एकमेकांना आडव्या बंधांनी जोडलेले असतात. घट्ट वळलेल्या सुंभाची कल्पना करा. पीळ पक्का आणि धागे एकमेकांना धरून असले की दोर ताठ राहतो.

गर्भ राहिल्यावर या दोराचा पीळ हळूहळू सैल होऊ लागतो. नवे धागे तयार होतात, पण त्यांच्यातील आडवे बंध कमी होतात. धाग्यांमधील जागेत पाण्याचा अंश वाढतो. प्रसूती जवळ आली की हायलुरॉनिक आम्ल नावाचा, पाणी धरून ठेवणारा पदार्थ वाढतो आणि धागे एकमेकांपासून सुटतात. शास्त्रज्ञ या प्रक्रियेचे चार टप्पे करतात: मऊ होणे, पिकणे, उघडणे आणि बाळंतपणानंतर पुन्हा पूर्ववत होणे. यांतील पहिला टप्पा सर्वांत लांब असतो. तो गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांतच सुरू होतो आणि तो सुरू असताना मातेला काहीही जाणवत नाही. कळा नसतात, दुखत नाही, अंगावरून जात नाही. कळा हा या गोष्टीचा शेवटचा अध्याय आहे, पहिला नव्हे. जेथे हा मऊपणा वाजवीपेक्षा लवकर आणि अधिक येतो, तेथे पिशवीचे तोंड गर्भाचा भार पूर्ण दिवस पेलू शकत नाही.

मित्रांनो, येथे एक गोष्ट स्पष्ट होते. धाग्यांचे हे बंध पपईने सुटत नाहीत, ग्रहणाने सुटत नाहीत आणि शेजारणीच्या नजरेने तर मुळीच सुटत नाहीत.

बोटांपासून सोनोग्राफीपर्यंत

हा मऊपणा सुईणींना आणि डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. वैद्यकीय शिक्षणात आजही सांगतात की गर्भ नसताना गर्भाशयमुख बोटाला नाकाच्या शेंड्यासारखे लागते आणि गर्भ असताना ओठांसारखे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन डॉक्टर विल्यम गुडेल यांच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते. 1964 साली एडवर्ड बिशप या डॉक्टरांनी प्रसूतीची तयारी किती झाली आहे, हे ठरविण्यासाठी गुण देण्याची पद्धत मांडली. तिच्यात पाच बाबी पाहतात आणि त्यांतील एक बाब गर्भाशयमुखाचा घट्टपणा ही आहे. घट्ट असेल तर शून्य, मध्यम असेल तर एक, मऊ असेल तर दोन गुण. परंतु माझ्या बोटाला मध्यम वाटले ते दुसऱ्याच्या बोटाला मऊ वाटू शकते. आज तपासणारा आणि महिन्याने तपासणारा वेगळा असेल, तर तुलना कशाची करायची? बोटाचे ज्ञान मोलाचे असते, पण ते दुसऱ्याच्या हाती जसेच्या तसे देता येत नाही.

त्यानंतर सोनोग्राफी आली. योनीमार्गातून तपासणी करणाऱ्या सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली. 1996 साली अमेरिकेतील दहा केंद्रांमध्ये झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 24 व्या आठवड्याच्या सुमारास 2,915 गर्भवतींची लांबी मोजली होती आणि तिची सरासरी 35 मिलिमीटर आली. लांबी जितकी कमी, तितका अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका अधिक, असे त्यात दिसले. आज 25 मिलिमीटर किंवा त्याहून कमी लांबी ही धोक्याची खूण मानली जाते.

या मोजणीने उपचाराचे दार उघडले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 24,620 गर्भवतींची तपासणी झाली. ज्यांची लांबी 15 मिलिमीटर किंवा कमी होती, त्यांच्यातील 250 जणींना दोन गटांत विभागले. एका गटाला रोज रात्री योनीमार्गात ठेवावयाची प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली आणि दुसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी. 34 आठवड्यांआधी प्रसूत होणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात 34.4 टक्के होते, ते औषधाच्या गटात 19.2 टक्के झाले. एक साधे मोजमाप आणि एक साधे औषध यांनी एवढा फरक पडला.

दुसरा उपचार टाक्याचा. ज्या भगिनींची मुले पूर्वी अशीच गेली आहेत आणि ज्यांचे गर्भाशयमुख आखूड झाले आहे, अशा निवडक स्त्रियांच्या पिशवीच्या तोंडाला टाका घालून ते बांधतात. जगभर या शस्त्रक्रियेच्या एका पद्धतीला शिरोडकर यांचे नाव आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे गोव्यातील शिरोडे गावचे आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक. 1955 साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. मांडीच्या स्नायूवरील मजबूत आवरणाची पट्टी काढून ते तिचा टाका घालीत. पिशवीच्या तोंडाच्या दुबळेपणावर जगाला उपाय देणारा माणूस आपल्या भाषेतला होता, हे विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात ठेवावे.

लांबी पुरेशी का नाही?

एवढे असताना ताठरपणा मोजण्याची गरज काय? याचे उत्तर असे की लांबी हा परिणाम आहे आणि मऊपणा हे त्याच्या आधीचे कारण आहे. दोर आधी सैल होतो, मग ताणला जाऊन आखूड दिसतो. शिवाय लांबी कमी असूनही अनेक जणी पूर्ण दिवसांनी प्रसूत होतात, आणि लांबी चांगली असूनही काही जणींची प्रसूती लवकर होते. आखूड पण घट्ट आणि लांब पण मऊ यांतील भेद फूटपट्टी सांगू शकत नाही. 2018 साली डेट्रॉइट येथील संशोधकांनी 628 गर्भवतींची 18 ते 24 आठवड्यांच्या दरम्यान तपासणी केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे गर्भाशयमुख मऊ होते, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण अधिक आढळले, आणि हे लांबी कमी असणाऱ्यांत तसेच लांबी सामान्य असणाऱ्यांतही दिसले.

ताठरपणा मोजण्याच्या आज चार मुख्य रीती आहेत. विद्यार्थ्यांसाठी त्या थोड्या सविस्तर सांगतो.

पहिली रीत दाबून पाहण्याची. सोनोग्राफीच्या दांड्याने गर्भाशयमुख हलके दाबतात आणि कोणता भाग किती दबला हे यंत्र रंगांनी दाखविते. या तंत्राला इलॅस्टोग्राफी म्हणतात. 1991 साली जोनाथन ऑफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम मांडले. अडचण अशी की डॉक्टरांनी किती जोराने दाबले, हे यंत्राला कळत नाही. जोर बदलला की रंगही बदलतात. त्यामुळे एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना होते, पण एका बाईची दुसऱ्या बाईशी तुलना कठीण होते.

दुसरी रीत त्याहून साधी. कोलंबिया देशातील डॉ. मिगेल पार्रा-साव्हेद्रा आणि सहकाऱ्यांनी ती 2011 साली प्रसिद्ध केली. गर्भाशयमुखाची जाडी दाबण्यापूर्वी मोजावयाची आणि पूर्ण दाबल्यावर पुन्हा मोजावयाची. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून शंभराने गुणले की निर्देशांक मिळतो. समजा, जाडी 30 मिलिमीटर होती आणि दाबल्यावर 21 झाली, तर निर्देशांक 70. तीच 15 झाली, तर 50. आकडा जितका लहान, तितका मऊपणा जास्त. गर्भारपण पुढे सरकते तसा हा निर्देशांक कमी कमी होत जातो. या रीतीला वेगळे महागडे यंत्र लागत नाही, योनीमार्गाची साधी सोनोग्राफी पुरते.

तिसरी रीत लहरींची. आपल्या शाहिरांच्या हातातील तुणतुणे आठवा. खुंटी पिळून तार ताणली की स्वर चढतो, कारण ताणलेल्या तारेतून लहर वेगाने धावते. येथेही तसेच काहीसे घडते. यंत्र ध्वनीलहरींचा एक क्षणिक धक्का पेशीजालाला देते. त्याने ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके सरकते आणि पाण्यात दगड टाकल्यावर उठावेत तसे तरंग बाजूला पसरतात. घट्ट भागातून ते वेगाने जातात, मऊ भागातून सावकाश. वेगाचा वर्ग करून त्याला घनतेने गुणले की ताठरपणा मिळतो. वेग सेकंदाला 2 मीटर असेल आणि घनता पाण्याइतकी धरली, तर ताठरपणा 4 किलोपास्कल येतो. वेग 3 मीटर असेल तर 9 किलोपास्कल. येथे हाताच्या जोराचा प्रश्न कमी होतो. परंतु गर्भाशयमुख लहान असते, त्याचे थर वेगवेगळ्या दिशांचे असतात, आणि एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जुळेलच असे नाही. शिवाय गर्भ जवळ असल्यामुळे ध्वनीची शक्ती शक्य तितकी कमी आणि शक्य तितका कमी वेळ वापरावी लागते.

चौथी रीत ओढून पाहण्याची. ती स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे विकसित झाली. गर्भाशयमुखाच्या टोकावर एक लहान नळी टेकवितात आणि तिच्यातील हवा हळूहळू ओढून घेतात. त्वचा 4 मिलिमीटर आत ओढली जाण्यासाठी हवेचा दाब किती कमी करावा लागला, हा ताठरपणाचा आकडा. तो मिलिबारमध्ये येतो. हवामानाच्या बातम्यांत हे एकक आपण ऐकतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 1013 मिलिबार असतो. घट्ट गर्भाशयमुख ओढायला अधिक मिलिबार लागतात, मऊ असेल तर कमी. 2013 साली याच रीतीने 100 निरोगी स्त्रियांची मोजणी प्रसिद्ध झाली आणि गर्भारपणाच्या अगदी पहिल्या तिमाहीतच मऊपणा स्पष्टपणे येतो, हे आकड्यांत दिसले. ही रीत सोनोग्राफीवर अवलंबून नाही आणि तिच्यात गर्भ दिसतच नाही. तिची मर्यादा अशी की नळी बाहेरच्या टोकालाच लागते, आणि आतले टोक, जेथून तोंड प्रथम उघडू लागते, तिच्या आवाक्याबाहेर राहते.

आकड्याची मर्यादा

आता एक सावधानतेची गोष्ट. नवे यंत्र आले की आपण दोन टोकांना जातो. एक तर त्याला भितो, नाही तर त्याची पूजा करतो. कालामांना दिलेला उपदेश यंत्रालाही लागू आहे.

समजा, 1,000 गर्भवतींपैकी 100 जणी दिवस भरण्याआधी प्रसूत होणार आहेत. समजा, एखादी तपासणी या 100 पैकी 60 जणींना ओळखते आणि उरलेल्या 900 पैकी 180 जणींना विनाकारण धोक्यात दाखविते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. मग एकूण 240 जणींना धोका आहे असे सांगितले जाईल. त्यांपैकी खरोखर लवकर प्रसूत होणाऱ्या 60, म्हणजे चौघींत एक. उरलेल्या 180 जणी काळजीने रात्री जागतील, आणि ज्या 40 जणी सुटल्या त्या निश्चिंत राहतील. तपासणी वाईट नसूनही असे होते, कारण गणित तसे आहे. म्हणून कोणाही भगिनीने आकडा ऐकताच धीर सोडू नये आणि आकडा चांगला आला म्हणून लक्षणांकडे दुर्लक्षही करू नये.

दुसरी मर्यादा अशी की गर्भाशयमुख हे अनेक कारणांपैकी एक आहे. जंतुसंसर्ग, जुळी मुले, रक्तदाब, पाणमोट लवकर फुटणे, आधीची अशीच प्रसूती ही कारणे वेगळी आहेत. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींपैकी साधारण एकतृतीयांश प्रसूती मातेच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका असल्याने डॉक्टरांनाच लवकर कराव्या लागतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा उपचाराची. आजचे उपचार आधीचा इतिहास आणि लांबी यांवर ठरतात. केवळ ताठरपणाच्या आकड्यावरून गोळी द्यावी किंवा टाका घालावा, अशी सर्वमान्य शिफारस नाही. औषधांच्या बाबतीत तर किती सावध राहावे लागते, याचे एक उदाहरण देतो. अपुऱ्या दिवसांची प्रसूती टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारख्या एका औषधाच्या इंजेक्शनला अमेरिकेत 2011 साली मंजुरी मिळाली होती. पुढील मोठ्या अभ्यासात त्याचा लाभ दिसला नाही, आणि 2023 साली तेथील औषध प्रशासनाने ती मंजुरी काढून घेतली. शास्त्राने आपलेच म्हणणे पुन्हा तपासले आणि सोडून दिले. परंपरा हे करीत नाही.

मग आपण काय करावे?

संस्थेच्या निधीतून असे एखादे यंत्र घेऊन जवळच्या दवाखान्यास भेट द्यावे, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. तिच्यामागील कळवळ्याचा आम्ही आदर करतो. परंतु आमचे मत असे की तो निधी आज यंत्रावर खर्च करू नये. ज्या आकड्यावरून उपचार अजून ठरत नाही, तो आकडा वस्तीतील स्त्रीच्या हाती चिंतेशिवाय दुसरे काय देणार? जे आज सिद्ध झालेले आहे, तेच आपल्या वस्तीत पुरते पोचलेले नाही. आधी ते पोचवावे.

पहिले काम दिवसांची अचूक गणना. पाळी चुकताच नोंदणी झाली आणि सुरुवातीच्या महिन्यांत सोनोग्राफी झाली, तर किती आठवडे झाले हे नक्की कळते. आठवडेच ठाऊक नसतील, तर प्रसूती लवकर होते आहे की वेळेवर, हेच कळणार नाही आणि कोणत्याही मोजमापाला अर्थ उरणार नाही. सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रातच करावी. 1994 च्या कायद्याने गर्भलिंग सांगणे आणि विचारणे हा गुन्हा आहे, आणि आपल्याला मुलगी नकोशी नाही, हे आपण आपल्या वागण्याने दाखवून द्यावे.

दुसरे काम, ज्या भगिनीची आधीची प्रसूती दिवस भरण्याआधी झाली आहे किंवा मोठ्या महिन्यांत गर्भ गेला आहे, तिने ही गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावी आणि गर्भाशयमुखाची लांबी मोजण्याविषयी विचारावे. योनीमार्गाच्या तपासणीला लाजून नकार देऊ नये. ही तपासणी मूत्राशय रिकामे ठेवून काही मिनिटांत होते आणि गर्भाला इजा करीत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. ही योजना 2016 साली सुरू झाली. तिचा लाभ घ्यावा.

तिसरे काम लक्षणे ओळखण्याचे. पोट पुन्हा पुन्हा कडक होणे, कंबर भरून येणे, खाली दाब वाटणे, पाणी किंवा रक्त जाणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. वेळेवर पोचले तर बाळाच्या फुप्फुसांसाठी मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी 1972 साली त्याचा उपयोग दाखवून दिला. त्याचा पूर्ण परिणाम होण्यास साधारण एक दिवस लागतो. म्हणजे धोका आधी कळण्याचा लाभ हाच की हाती एक दिवस येतो, आणि त्या एका दिवसावर बाळाचा श्वास अवलंबून असतो.

चौथे काम खोट्या समजुती सोडण्याचे. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. हे खरे नाही. पोटात राहिलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाला बळ देतो. आणि मूल लहान जन्मले तरी आशा सोडू नये. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतील चार देश आणि दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय यांतील अभ्यासात एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना जन्मल्यावर लगेच मातेच्या उघड्या छातीशी धरून ठेवले. पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. आईच्या छातीची ऊब हे औषध कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

पाचवे काम विश्रांतीचे. 28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. येथे एक खुलासा करतो. विश्रांती म्हणजे खाटेला खिळून राहणे नव्हे. सक्तीने महिनोन्महिने झोपवून ठेवल्याने प्रसूती लांबते, असे सिद्ध झालेले नाही, उलट पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. बाबासाहेबांचा आग्रह कष्टांतून सुटका आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई यांसाठी होता. बांधकामावर विटा वाहणाऱ्या आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनीला ही भरपाई कोण देणार? संस्थेचा निधी खर्च व्हावा तो येथे: रात्रीच्या वाहनासाठी, तपासणीच्या दिवशीच्या बुडालेल्या मजुरीसाठी आणि बाळ काचेच्या पेटीत असताना आईला दवाखान्याजवळ राहता यावे यासाठी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी वेगळे सांगणे आहे. गर्भाशयमुख किती मऊ झाले म्हणजे धोका मानावा, वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी कसे जुळवावेत, आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये कोणत्या आठवड्याला कोणता आकडा सामान्य धरावा, हे प्रश्न अजून उत्तरांची वाट पाहत आहेत. हरियाणातील गुरुग्रामच्या नागरी रुग्णालयात 2015 पासून गर्भवतींचा पहिल्या महिन्यांपासून मागोवा घेणारा गर्भिणी नावाचा मोठा अभ्यास उभा राहिला, तो अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची कारणे शोधण्यासाठीच. अशा कामाला डॉक्टर लागतात, तसेच भौतिकशास्त्र, गणित आणि अभियांत्रिकी शिकलेलेही लागतात. आरक्षणाने आणि कष्टाने मिळालेली पदवी नोकरीपुरती ठेवू नका. ज्या स्त्रीच्या देहाविषयी शतकानुशतके केवळ विटाळ बोलला गेला, त्या देहाचे कार्य शोधून काढणे हेही मुक्तीचेच काम आहे.

उपासक-उपासिकांनो, शेवटी एवढेच सांगतो. यापुढे आपल्या वस्तीत एखादी भगिनी दिवस भरण्याआधी बाळंत झाली, तर तिच्या घरी जा. काय खाल्ले, कुठे गेली होती, हे विचारू नका. बाळ कसे आहे, तू कशी आहेस, पुढच्या वेळी लांबी कधी मोजायची हे डॉक्टरांना विचारले का, एवढेच विचारा. आणि तिच्या सासूने ऐकावे इतक्या मोठ्याने सांगा की यात हिचा काही दोष नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!